चौकशी, विश्वास आणि एक्केचाळीस हजार प्लेटलेट

तत्त्वज्ञानाच्या एमएच्या लघुप्रबंधाचा विषय काय, असं कुणी विचारलं की मला आधी घाम फुटायचा. 'चौकशी आणि विश्वास' म्हटलं की समोरचा हमखास आवाज खाली आणून विचारणार, कुणाची चौकशी लागलीय? आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी तर भाचा पोलिसात आहे, काही लागलं तर संकोच करू नका असंही सांगून ठेवलं. सासूबाईंना वाटलं मी अंधश्रद्धेवर लिहितेय आणि आता त्यांच्या सोळा सोमवारांवर गदा येणार. नवऱ्याने एकदाच विचारलं, याने पगार वाढतो का, मी नाही म्हटलं, त्याच्यापुरता विषय क्लोज.

बाहेरून एमए करणाऱ्या दोन-तीन जणींनी विचारलं की नोकरी सांभाळून लघुप्रबंध होतो का, म्हणून हे लिहितेय. होतो. रडत होतो पण होतो. मात्र विषय निवडताना जरा जपून, कारण माझा विषय नंतर माझ्याच टेबलावर येऊन बसला.

मी लॅब टेक्निशियन. डीएमएलटी करून १७ वर्षं झाली, सगळी नाशकातच, सध्या गंगापूर रोडच्या बाजूला एका खासगी लॅबमध्ये आहे. सकाळी साडेसातला शटर वर, मशीनला कंट्रोल (आकडा आधीच ठाऊक असलेले नमुने) लावायचे, तोवर उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग लागलेली असते. तत्त्वज्ञान आलं ते सावानामुळे, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं, तिथून सासूबाईंसाठी कादंबऱ्या आणायचे आणि एकदा चुकून तर्कशास्त्राचं पुस्तक उचलून आणलं, कव्हर फाटलेलं होतं, मला वाटलं कथासंग्रह आहे. वाचलं तर आवडलं. दिवसभर 'रिअ‍ॅक्टिव्ह', 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिणाऱ्या बाईला 'हे तू कशावरून म्हणतेस' असं विचारणारं कुणीतरी भेटलं की बरं वाटतं, इतकंच कारण. मग एमएला नाव घातलं, पहिलं वर्ष पाठांतरावर निघालं, दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध समोर येऊन उभा राहिला.

पहिला सिनॉप्सिस मी क्लिफर्ड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञावर केला. १८७७ सालचा त्याचा निबंध आहे, त्यात तो जहाजमालक येतो, जहाज जुनं झालंय, एकदा तपासून घ्यावं असं त्याच्या मनात येतंय पण खर्च होईल म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या वेळा गेलं आणि सुखरूप परत आलं, आताही येईल, देव आहे, आणि हळूहळू त्याला ते खरंच पटतं, मनापासून पटतं, आणि तो जहाज सोडतो. जहाज बुडतं, माणसं मरतात, हा गुपचूप विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, दोषी आहे, आणि बुडालं नसतं तरी तेवढाच दोषी असता. मला हे इतकं भावलं की एका रविवारी चार पानं लिहून काढली, पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं कसं चूक, एकदम वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी.

ती घेऊन सरांकडे गेले. सर रिटायर्ड आहेत, इंदिरानगरला राहतात, नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांनी वाचलं, चहा आला, चहा संपला, मग म्हणाले,

"ताई, लिहिलंय छान. यात प्रश्न कुठंय?"

मी म्हटलं, सर, पुराव्याशिवाय विश्वास ठेवावा का, हाच की प्रश्न.

"त्याचं उत्तर तुम्हाला आधीच पटलंय ना? मग आता शोधणार काय?"

खरं सांगते, राग आला. चार पानं हाताने लिहिलेली. आठवड्याने तीच पानं वाक्यं उलटीसुलटी करून आणि शेवटी प्रश्नचिन्हं टाकून परत नेली. सरांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्हांभोवती गोल केले, हसले नाहीत, कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढून त्यातला परिच्छेद वाचून दाखवला. पर्सचा होता. चार्ल्स सँडर्स पर्स, अमेरिकन तत्त्वज्ञ, स्पेलिंग बघून सगळे पिअर्स म्हणतात, मीही म्हणायचे. गंमत म्हणजे हाही १८७७ चाच, पॉप्युलर सायन्स मंथलीत आलेला लेख. त्याचं म्हणणं असं की नुसतं वाक्याला प्रश्नाचं रूप दिलं म्हणून मन कामाला लागत नाही, त्यासाठी खरी, टोचणारी शंका लागते, ती टोचते म्हणून आपण धडपडतो, आणि मत एकदा पक्कं झालं की धडपड थांबते. सगळ्यांना पटून झाल्यावरही वाद घालत बसायची हौस असलेले लोक असतात, पण त्यातून पुढे काही सरकत नाही, असंही तो म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निघताना सरांनी एका चिठ्ठीवर जेन फ्रीडमनच्या तीन-चार पेपरांची नावं लिहून दिली. या बाई न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवतात, आत्ताच्या आहेत, म्हणजे मेलेल्या तत्त्वज्ञांच्या यादीतल्या नाहीत, हेच मला पहिल्यांदा भारी वाटलं. मुख्य पेपर 'इन्क्वायरी अँड बिलीफ', म्हणजे चौकशी आणि विश्वास, २०१९ चा. कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली आणि सिटीलिंकच्या बसमध्ये सिडकोपासून वाचत जायचे. पहिल्या दोन पानांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी स्टॉप चुकला.

आता त्यात काय आहे ते माझ्या भाषेत सांगते. आपण बहुतेक वेळा विचारतो की विश्वास कधी ठेवावा, पुरावा किती हवा वगैरे. फ्रीडमन विचारते त्याच्या आधीचं, की माणूस एखाद्या गोष्टीचा शोध घेत असतो तेव्हा त्याच्या मनाची अवस्था नेमकी काय असते? तिचं म्हणणं, हाताने काय चाललंय यावर ते ठरत नाही. कागद चाळणं, लोकांना विचारणं, टेस्ट लावणं हे सगळं करूनही माणूस शोध घेत नसू शकतो, कारण शोध घेणं म्हणजे मनात तो प्रश्न उघडा असणं. आणि म्हणून ती एक नियम मांडते, फार साधा दिसतो, की ज्या प्रश्नाचा तुम्ही शोध घेताय त्याच्या उत्तरावर त्याच वेळी विश्वास ठेवू नका. दोन्ही एकत्र जमतच नाही असं ती म्हणत नाही बरं का, माणसं काय वाट्टेल ते करतात, पण तसं करणं बरोबर नाही असं म्हणते. उत्तर मिळालंय असं धरायचं आणि प्रश्नही उघडा ठेवायचा, हे बेशिस्त आहे.

यात मला सगळ्यात जास्त आवडलं ते तिचं निर्णय राखून ठेवण्याबद्दलचं. पेपरात येतं ना, कोर्टाने निकाल राखून ठेवला, तेच. आपल्याला वाटतं की निर्णय राखून ठेवणं म्हणजे मत नसणं. ती म्हणते नाही, मत तर दगडालाही नसतं. ज्या गोष्टीचा मी आयुष्यात कधी विचारच केला नाही तिच्याबद्दलही मला मत नसतं, पण म्हणून मी निर्णय राखून ठेवलाय असं होत नाही. राखून ठेवणं हा प्रश्नाकडे बघायचा एक पवित्रा आहे. हे वाचून मी बसमध्येच हसले, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे रोज दिसतं. एका पेशंटच्या नावापुढे रिझल्टची चौकट रिकामी असते कारण सॅम्पलच आलेलं नसतं, दुसऱ्याच्या नावापुढे तशीच रिकामी असते पण तिथे 'पेंडिंग' लिहिलेलं असतं. चौकट दोन्हीकडे रिकामीच. पण पेंडिंगसाठी कुणीतरी जागं असतं. सरांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, हे लिहा, हे तुमचं आहे. सिनॉप्सिस पास झाला तो या पेंडिंगवर.

यानंतरचे दोन महिने शब्दांनी खाल्ले. लघुप्रबंध मराठीत लिहायचा होता. बिलीफला मराठीत काय म्हणायचं? विश्वास माणसावर ठेवतात, श्रद्धा देवावर, समजूत बहुतेक वेळा चुकीचीच असते, आणि मत निवडणुकीत देतात. बाहेर पाऊस पडतोय हे मला खिडकीतून दिसतंय, तर पाऊस पडतोय यावर माझा 'विश्वास' आहे असं कुठला मराठी माणूस म्हणतो? तो म्हणतो, पाऊस पडतोय. संपलं. सर म्हणाले 'मला वाटतं' घ्या, पण मला वाटतं पाऊस पडतोय म्हटलं की त्याचा अर्थच होतो की मला खात्री नाही, छत्री घेऊन जा. नंतर कळलं की हे भांडण इंग्रजीतही चालूच आहे, बिलीफ म्हणजे पक्कं का अर्धंकच्चं, आणि त्यावर फ्रीडमनचा नियम उभा राहणार की पडणार हे अवलंबून आहे, कारण बिलीफ म्हणजे नुसतं 'वाटणं' असेल तर वाटत असतानाही शोध घ्यायला कुणाची ना आहे? मला वाटतं किल्ली कपाटावर आहे, म्हणून तर मी तिथे शोधते. शेवटी 'धारणा' शब्द धरला. शीर्षकात मात्र 'विश्वास'च राहिला कारण विषय आधीच रजिस्टर झाला होता आणि बदलायचा तर पुन्हा फॉर्म, पुन्हा सही, पुन्हा फी. 'चौकशी'चंही तेच, काकांचा भाचा त्यातूनच आला.

आता ते प्रकरण.

गणपती झाल्यावरचे दिवस, डेंग्यूचा सीझन फुल्ल. ज्यांनी लॅबमध्ये काम केलंय त्यांना कळेल, त्या दिवसांत जांभळ्या टोपणाच्या ट्यूबा नुसत्या वाहत असतात, किवीचे भाव वाढलेले, लोक पपईच्या पानांसाठी गल्ल्या पालथ्या घालताहेत, शेळीचं दूध कुठे मिळतं ते आम्हालाच विचारताहेत. एका संध्याकाळी २६ वर्षांच्या एका मुलाचं सॅम्पल आलं, तीन दिवस ताप. प्लेटलेट ४१,०००. नियम म्हणून रिपीट लावलं, ३९,०००. मशीनने कसला फ्लॅग दिला नाही. मी रिपोर्ट सोडला, वरून फोनही केला, कमी काउंट कळवायचाच असतो. मुलाला रात्रीच अ‍ॅडमिट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सॅम्पल, पुन्हा जांभळी ट्यूब, ३८,०००. वडील ओझरहून यायचे, बिचारे रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा हात थरथरत होते.

शंका आली ती तिथल्या डॉक्टरांना. त्यांनी फोन करून विचारलं, पोरगा ठणठणीत दिसतोय, एक पुरळ नाही, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) हललेला नाही, ताप उतरलाय, तुम्ही स्मिअर बघितला का? मी गप्प. स्मिअर म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, तो नव्हता बघितला. स्लाईड केली, लिशमनचा रंग लावला, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पोटात खड्डा पडला. प्लेटलेटचे घोसच्या घोस, द्राक्षासारखे लटकलेले. काही लोकांच्या रक्तात असं होतं, ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध, लागलं की प्लेटलेट एकमेकांना चिकटतात, मशीन त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही, अंगात काउंट नॉर्मल आणि कागदावर पडलेला. निळ्या टोपणाची सायट्रेटची ट्यूब पाठवायला सांगितली, आलेला आकडा १.१ ने गुणायचा असतो कारण त्या ट्यूबमध्ये औषध द्रव असतं आणि त्याने रक्त तेवढं पातळ होतं, गुणून आले १,९०,०००.

मुलाला काही झालं नाही, साधा व्हायरल होता. एक रात्र सलाईन, बिल, आणि आईने नवस बोललेला. मालक माझ्यावर ओरडले नाहीत, उलट म्हणाले रिपीट केलं होतंस ना, मग झालं. आणि तेच मला खटकत राहिलं. रिपीट केलं होतं! एकदा नाही, सगळं धरून तीन वेळा जवळपास तोच आकडा आला आणि दर वेळी माझी खात्री वाढत गेली. पण तिन्ही वेळा तीच जांभळी ट्यूब, तोच ईडीटीए, म्हणजे चूक होती तिथे मी बघतच नव्हते. खोटं बोलणाऱ्यालाच पुन्हा पुन्हा विचारायचं, खरं सांगतोस ना, आणि तो हो म्हणाला की समाधान. माझे हात चौकशी करत होते. मनात पहिल्या ४१,००० लाच निकाल लागला होता, किंवा त्याच्याही आधी, बाहेरच्या रांगेकडे बघून लागला होता. सप्टेंबर आहे, ताप आहे, म्हणजे डेंग्यूच असणार.

त्या रात्री फ्रीडमनचा पेपर परत काढला आणि जे वाक्य मी बसमध्ये कौतुकाने अधोरेखित केलं होतं ते आता माझ्याकडे बघत होतं. क्लिफर्डचा जहाजमालकही आठवला. चार पानं खरडली होती मी त्याच्यावर, त्याला किती नावं ठेवली होती.

मग एक वाईट खोड लागली, जुनं रजिस्टर काढून बघायची. महिन्याभरात मी स्मिअर कधी कधी केला, स्वतःहून, कुणी न सांगता? जेव्हा आकडा मला अनपेक्षित होता तेव्हा. रूटीन चेकअपला आलेल्या बाईचे ६०,००० आले तर लगेच स्लाईड. पोटॅशियम ७ आलं आणि पेशंट स्वतः चालत आला तर लगेच बघणार, सॅम्पल हिमोलाइज झालंय का, म्हणजे लाल पेशी फुटल्यात का, ईडीटीएची ट्यूब आधी भरून मग साध्या ट्यूबमध्ये ओतलं का कुणी. पण जो आकडा माझ्या डोक्यातल्या गोष्टीत बरोबर बसतो त्याला मी कधीच उलटून विचारलं नाही. माझी शंका कधी उठणार हे माझी धारणाच ठरवत होती. हे माझं तिसरं प्रकरण झालं. लिहायला सर्वात सोपं गेलं आणि टाईप करून घेताना सर्वात लाज वाटली.

मधेच एक सांगून टाकते. फ्रीडमनच्या दुसऱ्या एका पेपरात, २०२० च्या, न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगच्या खिडक्या मोजायचं उदाहरण आहे. समोर उभं राहून खिडक्या मोजायच्या तर तासभर आजूबाजूला जे काही दिसतंय, ऐकू येतंय त्याच्याकडे लक्ष देता येत नाही, आणि ज्ञानशास्त्र तर म्हणतं की पुरावा समोर असेल तर त्यातून जाणून घेणं बरोबर. म्हणजे शोध घेण्याचे नियम आणि जाणून घेण्याचे नियम एकमेकांच्या पायात येतात. हे मला समजवायला कुणाची गरज नव्हती. न्यूबॉयर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, हाताने प्लेटलेट मोजायला बसलं आणि कुणी मागून "ताई, डबा आणलाय का" विचारलं की गेले आकडे, पहिल्या चौकोनापासून सुरू. त्या वेळी मला डब्याबद्दल काहीही जाणून घ्यायचं नसतं. पण या मुद्द्याला वेगळं प्रकरण द्यावं एवढा दम माझ्यात नव्हता, दोन पानांत उरकलं.

चौथ्या प्रकरणावर मात्र अडले. कारण आता मी उलट टोकाला गेले होते आणि तिथे फ्रीडमनचा नियम मला बोचायला लागला होता. सासूबाई रोज रात्री विचारतात, गॅस बंद केलास का गं? मी हो म्हणते, मला माहिती असतं की बंद केलाय, आणि तरी उठून बघते. मी तेव्हा बेशिस्त वागते का? या डबल-चेकिंगवरूनच फ्रीडमनवर बरीच टीका झालीय, आरियाना फाल्बो, एलीस वुडर्ड अशा तरुण बायकांनी केलीय, त्यांचं म्हणणं की माहिती असूनही पुन्हा तपासणं यात गैर काय? आणि लॅब तर उभीच आहे डबल-चेकवर.

सरांना म्हटलं, मी फसले. ते म्हणाले, "तर्कसंग्रह केला होतात ना पहिल्या वर्षी? पक्षता आठवते?"

तर्कसंग्रह म्हणजे न्यायदर्शनाचं, आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं, पाठ्यपुस्तक, आणि पक्षता म्हणजे अनुमान कधी चालतं याची अट. पाठ होती. समजली नव्हती.

तर ते असं आहे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगून ठेवतो, "नानुपलब्धे न निर्णीतेऽर्थे न्यायः प्रवर्तते, किं तर्हि संशयितेऽर्थे", म्हणजे जे ठाऊकच नाही तिथे न्याय चालत नाही, ज्याचा निर्णय झालाय तिथेही नाही, शंका आहे तिथे चालतो. हे वाचून मी उडालेच, हे तर सॅम्पल आलं नाही, रिपोर्ट गेला आणि पेंडिंग! पर्स आणि फ्रीडमन दोघीही (पर्स बाई नाही, माहितीये, पण आता ते दोघे माझ्या डोक्यात जावा-जावाच झालेत) इथेच उभे आहेत. पण नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, इथे थांबले नाहीत. पुढच्यांनी विचारलं, त्र्यंबककडे गडगडलं की ढग आहेत हे आपण लगेच ओळखतो (त्र्यंबक माझं, गडगडाट त्यांचा), तिथे आधी 'ढग आहेत की नाहीत' अशी शंका कुठे आलेली असते? आणि वाचस्पतिमिश्र म्हणतो की प्रत्यक्ष दिसलेली गोष्टसुद्धा अनुमानाने जाणायची हौस असते काही लोकांना, त्यांना तो तर्करसिक म्हणतो. पर्सला ज्या लोकांचा वैताग होता, त्यांचं आपल्याकडे कौतुक! मग चौदाव्या शतकात गंगेश येतो आणि सांगतो की शंका असलीच पाहिजे असं नाही, अनुमान अडतं ते फक्त तेव्हा, जेव्हा गोष्ट आधीच सिद्ध झालेली आहे आणि ती सिद्ध करायची इच्छाही नाही. या इच्छेला शब्द आहे सिषाधयिषा. हा शब्द मला तोंडी परीक्षेपर्यंत एकदाही सलग म्हणता आला नाही. घरात मुलगा मला बघून मुद्दाम म्हणायचा.

यावर मी दोन आठवडे घालवले आणि शेवटी जे लिहिलं ते असं, की दुसऱ्यांदा तपासताना बहुतेक वेळा प्रश्नच बदललेला असतो. गॅस बघायला उठते तेव्हा मी गॅसला विचारत नसते, स्वतःच्या आठवणीला विचारत असते, तुझ्यावर विसंबू का? सायट्रेटची ट्यूब मागवली तेव्हा 'प्लेटलेट किती' हा प्रश्न नव्हता, 'ही जांभळी ट्यूब खरं बोलतेय का' हा होता आणि त्याचं उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे फ्रीडमनचा नियम मोडत नाही. आणि माझं तीन वेळा मोजणं? तिथे प्रश्नही तोच होता, उत्तरही ठरलेलं होतं, आणि सिषाधयिषा म्हणाल तर तीही नव्हती, नियम होता म्हणून बटण दाबलं. न्यायदर्शनाच्याही हिशोबात नाही, फ्रीडमनच्याही नाही. सरांनी या पानावर नुसती एक बरोबरची खूण केली. ते पान मी लॅमिनेट करणार होते, नवऱ्याने अडवलं.

टायपिंग, प्रूफ, बाइंडिंग यावर काय लिहू, सगळ्यांचं होतं तसंच झालं, टायपिस्टने सगळीकडे 'संशय'चं 'संशयित' केलं आणि पहिल्या प्रतीत वात्स्यायन गुन्हेगार पकडायला निघाल्यासारखा दिसत होता. एक हजार रुपये आणि एक सुट्टी त्यात गेली.

तोंडीला बाहेरून आलेल्या मॅडम होत्या. शांत, चष्मा नाकावर. सुरुवातीला सोपे प्रश्न, मग विचारलं, "तुम्ही रोज सकाळी मशीनला कंट्रोल लावता असं लिहिलंय. कंट्रोलची किंमत तुम्हाला आधीच माहीत असते ना? मग ती चौकशी आहे का?"

हा मी घोकून गेले होते. म्हटलं, मॅडम, कंट्रोलच्या बाटलीसोबत आकडा छापून येतो, तो आम्हाला ठाऊक असतो म्हणून तर मशीनला विचारता येतं. बाटलीबद्दल प्रश्न नसतो, मशीनबद्दल असतो. त्या हसल्या. सरही मागे बसून हसले असावेत.

मग त्यांनी चष्मा काढला. "बरं. खटकलेले रिपोर्ट तुम्ही तपासता. डेंग्यूवाल्या मुलानंतर जे पडलेले आकडे अपेक्षेत बसतात तेही तपासायला लागलात. पण जे नॉर्मल आले आणि गेले? त्यातले किती चुकले हे तुम्हाला कसं कळतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कळत नाही, म्हटलं. कुणी परत येऊन सांगितलं तर कळतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि थँक्यू म्हणाल्या. बाहेर आल्यावर सर म्हणाले चांगलं झालं, चला मिसळ खाऊ, मी खाल्ली पण तिखट लागलीच नाही.

त्यानंतरच्या सोमवारपासून मी दुपारी गर्दी ओसरली की रॅकमधून नॉर्मल गेलेल्या पाच ट्यूबा काढते, डोळे मिटून, अक्षरशः, आणि त्यांचा पुन्हा काउंट लावून स्लाईड करते. पहिले तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मालकांनी महिन्याचा रिएजंटचा हिशोब काढला आणि विचारलं, ताई, हे पाच कसले? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, काही सापडलं? म्हटलं, अजून नाही, एकाच ट्यूबवर नाव अर्धवट होतं तेवढं.

"मग बंद करू या की."

पाचावरून तीनवर आलेय. स्लाईड माझ्या पैशाने आणते.